हळू झालेला कॉम्प्युटर भंगारात घालण्यापूर्वी

२०२३ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. रात्री नवाच्या सुमारास आमच्याच चाळीतल्या एक ताई दाराशी आल्या. ताई इस्पितळात आया म्हणून काम करतात, यजमान रिक्षा चालवतात. थोरली मुलगी त्या वर्षी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला गेलेली, धाकटा नुकताच दहावी झालेला. ताई उंबऱ्यावरच म्हणाल्या, "भाऊ, एक विचारायचं होतं. तीस हजार काढावेत का नाही?"

आम्हाला वाटले, कुणी आजारी आहे. निघाले ते घरातल्या कॉम्प्युटरचे दुखणे. २०१९ मध्ये मुलीसाठी म्हणून त्यांनी एका ऑफिसातून निघालेला जुना कॉम्प्युटर अकरा हजारांना घेतला होता. त्यातले सहा हजार बचत गटाचे होते, आणि ते फेडता फेडता वर्ष गेले होते. टाळेबंदीत दोन्ही मुलांचा अभ्यास त्याच्यावरच झाला. आता तो इतका मंद झाला होता की, ताईंच्याच शब्दांत सांगायचे तर, "बटण दाबून भाजी फोडणीला टाकावी, तर भाजी शिजून उतरते आणि ह्याचं गोल गोल फिरणं काही थांबत नाही." एका दुकानदाराला दाखवला. त्याने पाच मिनिटे बघितले, "मदरबोर्ड गेला, यात आता पैसे घालू नका," असे सांगितले आणि नव्याचा भाव तीस हजार काढला. यजमान व्याजाने पैसे उचलायला निघाले होते.

आम्ही कारकून माणूस. कॉम्प्युटरचे शिक्षण म्हणाल तर एमएस-सीआयटी, आणि ऑफिसात रोज आठ तास त्याच्यासमोर बसून आलेली अक्कल. तरी एवढे कळत होते की मदरबोर्ड गेलेला कॉम्प्युटर हळू चालत नाही, तो बहुधा चालतच नाही. म्हणून म्हटले, "ताई, दोन दिवस थांबा. पैसे उचलू नका."

त्या दोन दिवसांत जे शिकलो, आणि आमच्या हातून जी चूक झाली, ती दोन्ही वाचकांपुढे ठेवायची आहे. कारण त्यानंतर गल्लीतले असे पंधरा-वीस कॉम्प्युटर तरी आम्ही पाहिले. मालक "गेला" म्हणून बसलेला असतो, आणि मशीन नुसते दमलेले असते.

आधी कोण दमले आहे ते पाहा

कॉम्प्युटर हळू चालतो म्हणजे आत नेमके काय होते, हे आम्ही ताईंच्या मुलीला ऑफिसच्या भाषेत सांगितले. समजा, एक कारकून टेबलाशी बसला आहे. कारकून म्हणजे प्रोसेसर. त्याचे टेबल म्हणजे रॅम. आणि मागचे रेकॉर्डचे कपाट म्हणजे हार्ड डिस्क. जी फाईल हातात आहे ती टेबलावर, बाकीच्या कपाटात. टेबल लहान असेल आणि साहेबांनी एकदम वीस फायली मागितल्या, तर कारकुनाला एक फाईल आणायची म्हणून दुसरी उचलून कपाटात ठेवावी लागते. दिवसभर उठाबस करण्यात जातो, काम होत नाही. बाहेरच्या खिडकीवरचा माणूस मात्र म्हणतो, "हा कारकूनच आळशी!" कारकुनाचा त्यात दोष नसतो हो. हे आम्ही थोडे स्वानुभवानेही सांगतो.

आता दुखणे टेबलाचे आहे, कपाटाचे आहे की कारकुनाचे, हे पाहायला पैसे लागत नाहीत. कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची चौकट उघडते. तिच्यात सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे रकाने असतात आणि प्रत्येकाच्या डोक्यावर टक्के लिहिलेले असतात. कॉम्प्युटर सुरू करून पंधरा मिनिटे जाऊ द्या. सुरुवातीला सगळ्यांचीच धावपळ असते. मग काहीही न उघडता ते टक्के पाहा. मेमरी ऐंशी-नव्वदच्या वर असेल तर टेबल लहान पडते आहे. सीपीयू सतत शंभराला टेकला असेल तर कुठला तरी प्रोग्रॅम कारकुनाला पिळतो आहे. त्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक केले की सर्वांत जास्त खाणारा वर येतो, त्याचे नाव वहीत लिहून घ्या. आणि डिस्क शंभर टक्के, पण शेजारी वेग मात्र सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी असे दिसले, तर कपाट म्हातारे झाले असे समजायला हरकत नाही.

ताईंच्या घरी नेमके तेच दिसले. आम्ही मनगटावरच्या घड्याळावर वेळ लावली होती. बटण दाबल्यापासून पहिली फाईल उघडेपर्यंत नऊ मिनिटे. सीपीयू दहा टक्के, म्हणजे कारकून हात बांधून बसलेला. मेमरी अठ्ठ्याऐंशी. डिस्क शंभर, आणि तिथून ती हलेना.

जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये खरोखरच्या तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात, आणि ग्रामोफोनसारखा एक दांडा त्यांच्यावरून मागेपुढे फिरून मजकूर वाचतो. फरक एवढाच की ग्रामोफोनची सुई टेकते, ही टेकत नाही, केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावरून तरंगते. आयबीएम कंपनीने १९५६ साली अशी पहिली डिस्क काढली, तिच्यात पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्या मिळून जेमतेम पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या एका फोटोला तेवढी जागा लागते. पण तत्त्व तेच राहिले: दांडा हलणार, तबकडी फिरणार, मग मजकूर सापडणार. एका जागी सलग पडलेली मोठी फाईल ही डिस्क बरी वाचते. हजार ठिकाणी विखुरलेले हजार तुकडे मागितले की तिची दमछाक होते. आणि आजचे विंडोज सुरू होताना नेमके तेच मागते.

आमची चूक

इथपर्यंत आम्ही बरोबर होतो. पुढे शहाणपण आड आले.

डिस्क हळू आहे ना, मग ती आवरून टाकू, असे म्हणून त्याच रात्री आम्ही डीफ्रॅग लावले. डीफ्रॅग म्हणजे विखुरलेले तुकडे उचलून एकत्र मांडणे. मुलीने विचारलेही होते, "काका, आधी आतलं सगळं पेन ड्राईव्हवर घेऊन ठेवायचं का?" आम्ही म्हटले, "अगं, काही होत नाही. सकाळी बघू." आणि झोपायला गेलो.

सकाळी सहाला मुलगी दार वाजवत आली. आतून टक्... टक्... असा आवाज येत होता आणि पडद्यावर निळ्या पाटीशिवाय काही नव्हते.

त्या डिस्कवर काय होते ते ऐका. मुलीच्या दोन वर्षांच्या नोट्स होत्या. ताईंच्या बहिणीच्या मुलाच्या बारशाचे फोटो होते. आणि यजमानांच्या आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा स्कॅन होता. धाकट्याच्या जात पडताळणीचा अर्ज भरायचा होता, त्याला तो जुना पुरावा जोडायचा होता. मूळ कागद गावच्या घरात वाळवीने खाल्लेला. पुन्हा उतारा काढायचा म्हणजे परभणी जिल्ह्यातल्या खेड्यातल्या शाळेत दोन-तीन फेऱ्या, रिक्षाचा धंदा बंद, ताईंचे खाडे. जुने रजिस्टर आज जाग्यावर सापडेल की नाही, हेही कुणी सांगावे! आमच्या वाचकांना या कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. ताई एक शब्द बोलल्या नाहीत. चहा ठेवते म्हणाल्या. आम्हाला तो चहा गिळवेना.

मरायला टेकलेल्या डिस्कला रात्रभर तबकड्यांवरून सामान उचलायला लावणे म्हणजे दमेकऱ्याला गोणी वाहायला लावणे. आम्ही तेच केले होते. खरे तर आधी तिची तब्येत पाहायची होती. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट मिळणारा छोटा प्रोग्रॅम आहे. तो डिस्कने स्वतःच नोंदवून ठेवलेल्या तक्रारी वाचून दाखवतो. निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, लाल म्हणजे आता भरवसा नाही. पिवळा दिसला की त्याच क्षणी दुसरे सगळे बाजूला ठेवून आतले कागद बाहेर काढायचे. डीफ्रॅग नाही, व्हायरसची तपासणी नाही, "डिस्क दुरुस्त करा" असे बटणही नाही. आणि निळा असला तरी प्रत आधीच काढायची. निळा रंग म्हणजे हमी नव्हे.

ती डिस्क आम्ही बंद केली आणि तासभर निवू दिली. मग काढून ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडून यूएसबीने जोडायची केबल आणून त्यांच्याच लॅपटॉपला लावली. पहिल्या दोन वेळा तिने दाद दिली नाही. तिसऱ्यांदा उघडली. मुलीने आदल्या रात्री आमच्यापेक्षा शहाणपणा दाखवला होता, तो आताही दाखवला. ती म्हणाली, "काका, सगळं एकदम ओढू नका. आधी फक्त डॉक्युमेंट्सचा फोल्डर." दाखल्याची फाईल पहिली घेतली. एवढीशी फाईल, पण रेषा सरकेपर्यंत घरात कुणी हलले नाही. मग नोट्स आल्या. फोटो निम्मे आले असतील नसतील, आवाज वाढला आणि डिस्क कायमची बंद पडली. बारशाचे फोटो गेले.

अशी वेळ कुणावर आली तर दोन गोष्टी करू नयेत. डिस्कला टपल्या मारू नयेत, आणि ती घरी उघडू नये. आत शिरलेला धुळीचा एक कणसुद्धा तबकडी आणि दांड्याच्या मधल्या फटीपेक्षा मोठा असतो. त्यातला मजकूर फारच मोलाचा असेल तर डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, पण त्यांचे दर आपल्या खिशाचे नाहीत. प्रत आधी काढलेली असली तर ती वेळच येत नाही. आता ताईंच्या घरी महत्त्वाचे कागद तीन ठिकाणी आहेत: कॉम्प्युटरवर, एका पेन ड्राईव्हवर आणि मावशीच्या घरी ठेवलेल्या दुसऱ्या पेन ड्राईव्हवर. घर गळले किंवा चोरी झाली तरी एक प्रत बाहेर. सरकारच्या डिजिलॉकरमध्ये मार्कशीटसारखे जे कागद थेट मिळतात तेही मुलीने उतरवून घेतले आहेत.

दोन हजारांत काय झाले

रविवारी आम्ही आणि मुलगी दोघे कल्याणहून गाडीने निघालो, दादरला बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर गेलो. तीन दुकानांत भाव विचारले. २४० जीबीची एसएसडी चौदाशे पन्नास रुपयांना घेतली, तीन वर्षांच्या वॉरंटीची. जुन्या डीडीआर थ्री जातीची चार जीबी रॅम पाचशेला मिळाली, वापरलेली. साठ रुपयांची एक केबल. एकूण दोन हजार दहा. हे २०२३ चे भाव आहेत. या वस्तूंचे दर खालीवर होत असतात आणि पुढे रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा घेण्यापूर्वी दोन-तीन ठिकाणी विचारावे. रॅम घेताना जुनी काढून सोबत न्यावी, म्हणजे डीडीआर थ्री की फोर हा घोळ होत नाही. खाच वेगळ्या जागी असते, चुकीची बसतच नाही.

एसएसडी म्हणजे तबकडी नसलेले कपाट. आत काही फिरत नाही, काही हलत नाही. सगळा कारभार चिपांवर, त्यामुळे कुठलाही तुकडा मागा, शोधायला वेळ लागत नाही. आमच्या अनुभवात जुन्या कॉम्प्युटरला याच्यासारखे दुसरे औषध नाही. रॅम वाढवण्याचा फायदा होतो, पण डिस्क जुनीच ठेवून नुसती रॅम वाढवली तर पैसे पुरते वसूल होत नाहीत.

जोडणी मुलीनेच केली. प्लग काढला, मग चालू करायचे बटण पाच-सात सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, बाजूचे दोन स्क्रू काढले. आत एक बोटभर धूळ. एसएसडीला दोन वायरी, एक मजकुराची, एक विजेची. दोन्ही एकाच बाजूने बसतात. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या मूळ ठिकाणाहून पेन ड्राईव्हवर उतरवून घातले. मशीनला आधीचा खरा परवाना होता, तो आपोआप मान्य झाला.

इथे एक गोष्ट बजावून सांगतो. पुष्कळ ठिकाणी दोन-तीनशे रुपयांत "फुल व्हर्जन" विंडोज टाकून देतात आणि ते चालवण्यासाठी ॲक्टिव्हेटर नावाचा एक प्रोग्रॅम घालतात. तो घालताना अँटीव्हायरस बंद करायला सांगतात. आता घरात कोण येतोय ते पाहू नये म्हणून रखवालदाराला झोपवा म्हणणारा माणूस कसा असेल, हे काही वेगळे सांगायला नको. गल्लीत पाहिलेल्या मंद मशीनांपैकी तीन तरी अशा पाहुण्यांमुळे मंद झालेली होती.

पुन्हा घड्याळ लावले. बटण दाबल्यापासून फाईल उघडेपर्यंत अठ्ठावीस सेकंद. यजमान म्हणाले, "परत एकदा करून दाखवा." तीन वेळा करून दाखवले.

प्रत्येक घरी डिस्कच दोषी नसते

नंतर लोक बोलवू लागले आणि कळले की सगळीकडे खर्चाचीही गरज नसते. एका घरी तर नुसत्या एका बटणाचे काम निघाले. ते गृहस्थ रोज रात्री शट डाऊन करायचे आणि म्हणायचे, रोज नव्याने सुरू करतो तरी का अडखळतो? विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली आहे. तिच्यामुळे शट डाऊन केले तरी आतला काही कारभार डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. कालचा अडथळा आजही तसाच. रीस्टार्ट केले की मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून काही अडले की शट डाऊन नव्हे, रीस्टार्ट.

दुसऱ्या घरी कॉम्प्युटर सुरू होताना सतरा प्रोग्रॅम आपोआप उठत होते. त्यांत तीन गाण्यांचे, एक कधीच विकून टाकलेल्या प्रिंटरचा. टास्क मॅनेजरमध्येच स्टार्टअप नावाचे पान आहे. तिथे नको त्याच्यावर राईट क्लिक करून डिसेबल म्हणायचे. प्रोग्रॅम पुसला जात नाही, बोलावल्याशिवाय येत नाही, इतकेच. अँटीव्हायरस आणि साऊंडचे सोडून बाकीच्यांना बिनदिक्कत थांबवा.

त्याच घरी अँटीव्हायरसही दोन होते. दोन रखवालदार एकमेकांच्याच झडत्या घेत बसतात. एकच ठेवावा. विंडोज १० आणि ११ मध्ये डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस आधीच असतो, घरगुती कामाला तो पुरतो. विकतचा घ्यायचा तर जरूर घ्यावा. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करणाऱ्या कैलास काटकरांनी आणि त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९०च्या दशकात क्विक हील उभे केले, ते गिऱ्हाइकांच्या व्हायरस लागलेल्या कॉम्प्युटरांवर इलाज शोधता शोधताच. मुद्दा एवढाच की दोन एकत्र नकोत. आणि "एका क्लिकमध्ये स्पीड वाढवा" असे सांगणारे प्रोग्रॅम तर अजिबात नकोत. आम्ही पाहिलेल्यांपैकी एकानेही वेग वाढवला नाही, स्वतः मात्र जागा अडवून बसले.

सी ड्राईव्ह गच्च भरलेला हाही नेहमीचा आजार. तिथे पाचवा-सहावा हिस्सा तरी मोकळा हवा. डाऊनलोड्सचा फोल्डर उघडून पाहा, एकच पीडीएफ सात वेळा सापडेल. नंतर सेटिंग्जमध्ये स्टोरेज या पानावर जाऊन टेंपररी फाईल्स काढून टाकाव्यात. पण त्या यादीत डाऊनलोड्स असेल तर त्याच्यापुढची खूण आधी काढा, नाहीतर कामाच्या फायलीही जातील. इंटरनेटचा ब्राऊझर हाही मोठा खादाड. चार जीबीच्या मशीनवर वीस पाने एकदम उघडून ठेवणे म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत वऱ्हाड उतरवण्यासारखे.

आणि कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले" अशी लाल पाटी वारंवार येत असेल, तर ती बहुतेक वेळा व्हायरसची नसते. कुठल्या तरी पानावर चुकून "अलाऊ" दाबले गेले असते, त्याची ती जाहिरात असते. ब्राऊझरच्या सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी नावे काढून टाकली की पाटी जाते. त्या पाटीवर फोन नंबर दिला असेल तर फोन करू नका. पलीकडचा माणूस गोड बोलून एनीडेस्कसारखा प्रोग्रॅम घालायला सांगतो आणि तुमचा पडदा त्याच्या हातात जातो, पाठोपाठ बँकेचे खाते. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त बंधूंचे नऊ हजार असे गेले. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर तक्रार नोंदवावी. जितकी लवकर नोंद होईल तितकी पुढच्या खात्यात रक्कम अडवण्याची शक्यता जास्त.

पिठाच्या गिरणीशेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर सकाळी ठीक आणि दुपारी मंद, असा प्रकार होता. ते दुखणे उष्णतेचे. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. त्याच्यावरच्या पंख्याखाली पिठाचा थर जमला होता. प्लग काढून, रंगाच्या नव्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडावे, झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे. ओले फडके नको, घरचा व्हॅक्यूम क्लीनरही नको, त्याने स्थिर वीज तयार होते. पाच-सहा वर्षांत पंख्याखालची थर्मल पेस्ट वाळते. ती बदलणे मात्र पहिल्या वेळी जाणत्याच्या हाताखाली करावे. डबा भिंतीला चिकटवून किंवा वर कपडा पांघरून ठेवू नये. धूळ बसू नये म्हणून पांघरायचे तर बंद असताना.

पावसाळ्यात कधी कॉम्प्युटर सुरू न होता नुसता बीप-बीप करतो. पुष्कळदा रॅमच्या पितळी कडेवर दमटपणाने मळ धरलेला असतो. ती काढून शाळेच्या खोडरबराने हळूच पुसून पुन्हा कट् आवाज होईपर्यंत बसवली की गाडी सुरू. तसेच तारीख सारखी मागे जाते आणि सरकारी साईट उघडताना सुरक्षित नाही अशी सूचना येते, तेव्हा इंटरनेटला दोष देऊ नये. आत नाण्याएवढी सीआर २०३२ नावाची बॅटरी असते, ती संपलेली असते. किरकोळ किमतीत मिळते. तारीख चुकली की साईटचे प्रमाणपत्र मुदतीबाहेरचे वाटते, एवढाच तो घोटाळा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत कोंबणे, अर्थिंग नसणे, यूपीएसशिवाय चालवणे यांनी डिस्कचे आयुष्य कमी होते, हे आम्ही प्रत्येक घरी सांगतो. ऐकतात थोडे.

विंडोज १० चा प्रश्न

इतके करूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते. विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आले आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने त्याची नेहमीची देखभाल थांबवली. त्या दिवशी कुणाचाही कॉम्प्युटर बंद पडला नाही, पण सुरक्षेच्या फटी बुजवणारी मोफत दुरुस्ती सरसकट येणे थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची चिप लागते, आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. ताईंचा तिसऱ्या पिढीचा. म्हणजे चांगले चालणारे मशीन कागदावर मोडीत. आम्हाला हे पटत नाही. गरिबाच्या घरची वस्तू दुसऱ्याच्या तारखेने जुनी ठरते.

मार्ग दोन दिसले. वाढीव सुरक्षेची एक योजना कंपनीने घरगुती गिऱ्हाइकांसाठी जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जच्या अपडेट पानावरून तिच्यात नाव घालता येत होते, आणि सेटिंग्जची प्रत कंपनीच्या खात्यात ठेवायला तयार असणाऱ्याला पैसे न देताही. मुलीला टॅली लागते आणि ती विंडोजवरच चालते, म्हणून तिने हा मार्ग घेतला. दुसरा मार्ग लिनक्सचा. लिनक्स मिंट पूर्णपणे मोफत आहे, आठ जीबीच्या जुन्या मशीनवर हलके चालते, त्यात इंटरनेट, पत्रे टाईप करणे, हिशेबाचे तक्ते सगळे होते. आपल्या सरकारच्या सीडॅक संस्थेनेही बॉस नावाची लिनक्स तयार केली आहे. केरळात सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे मोफत सॉफ्टवेअरवर शिकतात. धाकट्याने मशीनमध्ये मिंट शेजारी बसवून घेतले आहे, तो तेच वापरतो. सवयीला त्याला आठवडा लागला. आम्हाला महिना लागला असता.

ताईंची मुलगी बी.कॉम. होऊन आता एका सी.ए.च्या ऑफिसात हिशेब लिहिते. गल्लीतल्यांचे कॉम्प्युटर आता तीच पाहते, आम्ही सोबत गेलो तर बॅटरी धरून उभे राहतो. तिने डब्याच्या बाजूला एक शंभरपानी वही अडकवली आहे. आवक-जावकसारखे रकाने आखले आहेत: तारीख, काय बिघडले, काय केले, किती खर्च. पहिलीच नोंद आमच्या नावावर आहे: "रात्री प्रत न काढता डीफ्रॅग. फोटो गेले." खोडा म्हटले तर खोडत नाही.

बारशाचे फोटो पुढे दिवाळीत नांदेडच्या आत्याच्या मोबाईलमध्ये सापडले. व्हॉट्सॲपवर पाठवलेले, म्हणून बारीक आणि थोडे पुसट. अकरा निघाले. ताईंनी त्यातला एक मोठा करून आणला आहे, बाळाचा चेहरा नीट दिसत नाही, पण पाळणा हलवणारी आजी ओळखू येते.